सैनिकाच्या मुलाला शिष्यवृत्ती आहे, सैनिकाला नाही

जून 2022 मध्ये चार वर्षांसाठी जवान, म्हणजे अग्निवीर, भरती करणारी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून तिच्यावरचा वाद एकाच जागी गोल फिरतो आहे. एक बाजू म्हणते, पोरांना चार वर्षं वापरून घेणार आणि सोडून देणार. दुसरी म्हणते, शिस्त अंगात मुरलेला तरुण कुठेही खपेल. मग आकड्यांची फेकाफेक सुरू होते. कायम करायचे ते 25 टक्के की 50? निमलष्करी दलांतल्या राखीव जागा पुरेत का? पोलीस भरतीत कुठल्या राज्यानं किती दिल्या? योजना जाहीर होऊन पाच दिवस होतात न होतात तोच एका राष्ट्रीय पक्षाच्या सरचिटणीसांनी सांगून टाकलं, की पक्षाच्या कार्यालयाला सुरक्षारक्षक नेमायचा झाला तर मी अग्निवीराला प्राधान्य देईन. त्यावर अपमान झाला म्हणून गदारोळ उठला, आणि तो रास्तच होता. पण गदारोळ करणाऱ्यांच्या मागण्या वाचा. त्यांतही नोकरीच होती, फक्त दार बदललं होतं: पक्ष कार्यालयाचं नको, बँकेचं द्या, विमानतळाचं द्या, पोलीस ठाण्याचं द्या. बावीस वर्षांच्या मुलाला यापुढे शिकायचंही असू शकतं, ही शक्यता दोन्हीकडच्या वक्त्यांच्या मनात डोकावलीच नाही.

माझं म्हणणं असं, की चार वर्षांची सेवा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अग्निवीराला तीन वर्षांच्या पूर्णवेळ पदवीचा किंवा पदविकेचा खर्च केंद्र सरकारनं द्यावा, राहण्याजेवणाच्या भत्त्यासह. तो सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी सेवा निधीतून कापू नये, त्याच्या वर द्यावा. आणि मेहेरबानी म्हणून देऊ नये. भरतीच्या अटींत, पगाराच्या शेजारी, मोबदला म्हणून लिहून द्यावा. अग्निपथ योजना मुळात चांगली की वाईट यावर माझं मत आहे, पण ते इथे बाजूला ठेवतो. उद्या योजना मोडीत निघाली तरी जी मुलं भरती झाली ती झालीच, आणि त्यांतली बहुतेक परत येणारच आहेत.

आपल्याकडे लष्करी शिक्षणसवलती नाहीत असं नाही. त्यांची यादी चांगली लांब आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना 2006-07 पासून चालू आहे. तीत दरवर्षी 5,500 विद्यार्थी निवडले जातात आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी मुलींना महिना 3,000, मुलांना 2,500 रुपये मिळतात. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान आहे. ते महिना 1,000 होतं, नोव्हेंबर 2025 पासून 2,000 झालं. युद्धात किंवा कारवाईत मरण पावलेल्या, बेपत्ता झालेल्या, कायमचं अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांची फी सरकार भरतं. ही सोय 1971 च्या युद्धानंतरची. 2017 मध्ये कुणा हिशेबनिसाच्या डोक्यातून तिच्यावर महिना 10,000 रुपयांची मर्यादा आली, भरपूर टीका झाली, आणि मार्च 2018 मध्ये ती उठवावी लागली. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात संरक्षण दलांतल्यांच्या मुलांसाठी 5 टक्के जागा आहेत. या जागांचे डी-1, डी-2, डी-3 हे प्रकार फौजी घरांत आईबापांना तोंडपाठ असतात. पुण्याजवळ दिघीला 1994 पासून आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. जिल्ह्याच्या गावी सैनिकी मुलामुलींची वसतिगृहं आहेत, कमी खर्चात राहण्याजेवणाची सोय करणारी. या सगळ्या यादीत लाभार्थी मात्र एकच आहे: सैनिकाचं मूल. फार तर त्याची विधवा. गणवेश घालणारा स्वतः शिकायला निघाला तर त्याच्यासाठी या यादीत जवळजवळ काही नाही.

यात कुणाचा दुष्टावा नाही. व्यवस्था जुन्या फौजेच्या मापानं शिवलेली आहे. जुना जवान अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती व्हायचा, पंधरा-सतरा वर्षं काढायचा आणि पस्तिशीच्या आसपास पेन्शन घेऊन गावी यायचा. तोवर त्याचा थोरला दहावी-बारावीला पोचलेला असायचा. त्या बापाला कॉलेज नको असायचं. मुलाची फी हवी असायची. सरकारनं नेमकी तिथेच मदत ठेवली, ते बरोबरच होतं. पण योजनेच्या मूळ अटींप्रमाणे अग्निवीर साडेसतरा ते एकवीसच्या दरम्यान आत जातो आणि साडेएकवीस ते पंचविसाव्या वर्षी बाहेर येतो. त्याला मूल नाही, बहुतेकांचं लग्नही नाही. घरातलं कॉलेजच्या वयाचं माणूस तो स्वतःच आहे. आणि भरतीच्या अटी स्पष्ट सांगतात की त्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, कँटीन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे आज त्याच्यासाठी योजना नाही, आणि पुढे मुलं होतील तेव्हा त्यांनाही वरच्या यादीतलं काही मिळणार नाही. सैनिक बदलला, सेवेची मुदत बदलली, सुटण्याचं वय बदललं, आणि सवलतींची नियमावली जुन्याच सैनिकाची वाट पाहत बसली आहे.

तरुण सैनिकांची मोठी लाट एकदम घरी परतते तेव्हा काय करायचं, हा प्रश्न पडलेले आपण पहिले नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना 1924 च्या कायद्यानं युद्धसेवेच्या बोनसची प्रमाणपत्रं मिळाली. पैसे मात्र 1945 मध्ये मिळणार होते. मधे महामंदी आली. 1932 च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक, कित्येक बायकामुलांसह, वॉशिंग्टनला येऊन झोपड्या टाकून बसले: आमचे पैसे आत्ता द्या. सरकारनं जुलैच्या अखेरीस जनरल मॅकआर्थरच्या हाताखाली सैन्य पाठवलं, अश्रुधूर सोडला, झोपड्या जाळल्या. कालच्या सैनिकांवर आजचे सैनिक धावून गेल्याचं ते दृश्य अमेरिकेच्या राजकारण्यांना पुढे बराच काळ छळत राहिलं. दुसरं महायुद्ध संपायच्या आतच, 22 जून 1944 रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायद्यावर जी सही केली, तिच्यामागे ही भीती होती. लोक ज्याला 'जीआय बिल' म्हणून ओळखतात तो कायदा भूतदयेतून निघालेला नाही. एक कोटीहून जास्त तरुण एकाच वेळी काम मागत रस्त्यावर आले तर काय, या धसक्यातून तो निघाला.

आणि त्यात काय होतं? वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी, जीत त्या काळी हार्वर्डही बसत होतं. शिवाय एकट्याला महिना 50 डॉलर निर्वाहभत्ता, कुटुंब असेल तर 75. कॉलेज कुठलं, विषय कुठला, हे सैनिकानं ठरवायचं. 1947 मध्ये अमेरिकेच्या कॉलेजांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. 1956 पर्यंत 22 लाख लोक या कायद्याच्या आधारानं कॉलेजात गेले. शेतीचं, कारखान्यातलं आणि इतर प्रशिक्षण धरलं तर हा आकडा 78 लाखांवर जातो. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निर्वाहभत्ता ही होती असं मला वाटतं. आपल्याकडे शिक्षणाची मदत म्हटली की आपण फीवर अडकतो. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.एस्सी.ची फी गरीब घरालाही कशीबशी झेपते. झेपत नाही ते खोलीचं भाडं, मेसचं बिल, आणि कमावता हात तीन वर्षं घरी पैसे पाठवणार नाही ही गोष्ट.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ही पोरं पळायला वाघ असतात, पुस्तक त्यांच्या हाती ठरत नाही, शिकायचं असतं तर भरतीला कशाला गेली असती? आक्षेपात थोडं तथ्य आहे, ते मान्य करू. सातारा, कोल्हापूर, सांगली, बुलढाण्याच्या रस्त्यांवर पहाटे 1600 मीटरची वेळ लावत धावणाऱ्या मुलांत अनेकांची शाळा दहावीपाशी रखडलेली असते, आणि काहींना ती रखडल्याचं दुःखही नसतं. पण हेच बोलणं अमेरिकेत 1944 साली फार मोठ्या माणसांच्या तोंडी होतं. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी इशारा दिला होता की या कायद्यानं विद्यापीठं भटक्यांचे तळ होतील. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांना वाटत होतं की युद्धपिढीतले सर्वांत कमी कुवतीचे लोक वर्गांत येऊन भरतील. प्रत्यक्षात तक्रार उलट आली. सैनिक पोरं इतकी झटून अभ्यास करतात की वर्गाची सरासरी वर जाते आणि आमचे गुण खाली दिसतात, असं कुरकुरणारे शाळेतून थेट आलेले विद्यार्थी होते. कोनंट यांनी पुढे मत बदललं. आणि आपल्या मुलांबद्दल बोलायचं तर 2023 पासून लष्कराची भरती ऑनलाइन लेखी परीक्षेनं सुरू होते. मैदान त्यानंतर येतं. जो मुलगा आधी ती परीक्षा, मग धाव, मग वैद्यकीय तपासणी पार करून चार वर्षं कडक दिनक्रमात राहिला, त्याच्याकडे सकाळी सातच्या तासाला वेळेवर बसायची ताकद नाही, असं कोण म्हणणार? आमच्या कॉलेजांच्या हजेरीपटाकडे पाहून तर नाहीच.

महाराष्ट्रात तर या प्रश्नाचं उत्तर शोधायला अमेरिकेपर्यंत जायचं कारण नाही. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात पलटणीच्या शाळा होत्या आणि सैनिकांच्या मुलामुलींना तिथे शिकावं लागे. गावच्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना उभं राहू देत नसत, त्या महार शिपायांना आणि त्यांच्या लेकरांना छावणीत अक्षरओळख मिळाली. रामजी सकपाळ पुण्याच्या लष्करी अध्यापनशाळेत शिकले, शिक्षक झाले, पलटणीच्या शाळेत वर्षानुवर्षं मुख्याध्यापक राहिले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या चौदाव्या अपत्याचा जन्म 1891 मध्ये महूच्या छावणीत झाला. भीमराव आंबेडकर हे त्याचं नाव. घरात पुस्तक असणं, बापानं पहाटे उठवून अभ्यासाला बसवणं, इंग्रजी शिकण्याचा हट्ट, या सगळ्यामागे लष्करानं एका शिपायाला स्वतःला शिकवलं ही गोष्ट आहे. गोपाळबाबा वलंगकरही फौजेतूनच निवृत्त झालेले. लेखणी हाती धरून त्यांनी अस्पृश्यतेवर पहिले घाव घातले. आणि 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा पगाराच्या बरोबरीनं शिक्षणाचा हा रस्ताही बुजला. म्हणूनच 1894 मध्ये वलंगकरांनी भरतीसाठी सरकारकडे जायचा अर्ज तयार केला, आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही तोच मुद्दा लावून धरला. फौजेची नोकरी हे शिक्षणाचं दार असू शकतं, हे या मातीत निदान सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. मग आज चर्चा सुरक्षारक्षकाच्या काठीपाशी का थांबते?

दुसरा आक्षेप वजनदार आहे: सेवा निधी आहे ना? चार वर्षांच्या शेवटी साधारण 11.71 लाख रुपये, करमुक्त. शिकायचं असेल तर त्यातून शिका, धंदा करायचा तर धंदा करा. सज्ञान माणसाच्या पैशाला सरकारनं लगाम का लावावा? शेवटचा प्रश्न मला पटतो, आणि म्हणूनच सेवा निधीला हात लावू नये असं मी सुरुवातीला म्हटलं. पण हा निधी येतो कुठून ते पाहा. पहिल्या वर्षी पगार 30,000, त्यातले 9,000 दर महिन्याला कापले जातात, हातात 21,000. चार वर्षांत अशी कपात 5.02 लाखांची होते, सरकार तेवढीच भर घालतं, वर व्याज. म्हणजे ज्याला आपण सरकारची देणगी म्हणतो त्यातला जवळजवळ निम्मा वाटा मुलानं स्वतःच्या पगारातून बाजूला टाकलेला आहे. आणि ही रक्कम गावात पोचते तेव्हा तिची वाट पाहणारे बरेच असतात. सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, बहिणीचं लग्न ठरलेलं असतं, पडवीवर स्लॅब टाकायचा राहिलेला असतो, चुलत्यानं भरती अकॅडमीची फी उसनी दिलेली असते. या खर्चांना उधळपट्टी म्हणणारा माणूस शहरातला असावा. ते खरे खर्च आहेत. पण ते भागल्यावर तीन वर्षांच्या शिक्षणाला उरतं काय? हातात एकरकमी पैसा आला की आधी घराच्या गरजा तो खातात. फी आणि वसतिगृहाचा हक्क मात्र कुणाला उसना देता येत नाही, हुंड्यात घालता येत नाही, सावकाराला तारण ठेवता येत नाही.

तिसरं उत्तर इग्नूचं, म्हणजे दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठाचं, दिलं जातं. सेवेत असतानाच पदवी घेता येते, पदवीचे निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाला मिळतात, आणि दहावी झालेल्याला मुक्त विद्यालयामार्फत बारावीचं प्रमाणपत्र मिळवता येतं. ही सोय चांगली आहे आणि तिची टर उडवणाऱ्यांत मी नाही. पदवी हातात असली की एमपीएससीचा, बँकेचा, रेल्वेचा पदवीधर पातळीवरचा अर्ज भरता येतो. ज्याला एवढंच हवं त्यानं ती जरूर घ्यावी. पण लडाखच्या चौकीवर किंवा काश्मीरमधल्या गस्तीवर असलेल्या मुलाला स्वाध्याय लिहायला मिळणारा वेळ कल्पनेनंच मोजावा. आणि सामान्य बी.ए. झालेल्यांची संख्या महाराष्ट्रात काही कमी नाही. त्या रांगेत आणखी एक प्रमाणपत्र घेऊन उभं करणं म्हणजे शिक्षण दिलं असं होत नाही. ज्याला यंत्र, संगणक, परिचर्या, शेतीशास्त्र, सर्वेक्षण शिकायचं आहे त्याला प्रयोगशाळा लागते, समोर शिक्षक लागतो, चुकल्यावर हटकणारा सोबती लागतो. भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हणताना मुलांना घरी बसून शिका असं सांगितलं नव्हतं. वसतिगृह आधी काढलं.

पैशाचा हिशेब मांडल्याशिवाय हे सगळं भाषण ठरेल, म्हणून मांडतो. गृहीतकं माझी आहेत, बेरीज कुणीही तपासावी. पहिल्या वर्षी 46,000 जागा जाहीर झाल्या. 25 टक्के कायम झाले तर 34,500 मुलं बाहेर येतील. प्रत्येकाला वर्षाला 30,000 फी आणि महिना 10,000 निर्वाहभत्ता धरू: वर्षाचे दीड लाख, तीन वर्षांचे साडेचार लाख. सगळीच्या सगळी शिकायला गेली तरी एका तुकडीचा पूर्ण खर्च साधारण 1,550 कोटी, आणि तोही तीन वर्षांत विभागलेला. एका वेळी तीन तुकड्या शिकत असतील, तेव्हा वार्षिक खर्चही तेवढाच. पुढच्या तुकड्या मोठ्या असतील म्हणून दुप्पट धरा: 3,100 कोटी. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षण निवृत्तिवेतनासाठी 1,60,795 कोटी ठेवले होते. म्हणजे पेन्शनच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे दोन रुपयांहून कमी. पेन्शनचा बोजा उतरवण्याचा विचार या योजनेमागे होता हे आता कुणी फारसं लपवत नाही. मग ज्यांच्या पेन्शनवर पाणी सोडायला लावून तो बोजा उतरणार, त्यांच्या शिक्षणाला त्यातले दोन रुपये जड का व्हावेत?

खर्चापेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती हा पैसा कुणाच्या खिशात जाईल याची. इथे अमेरिकेचं उदाहरण इशारा म्हणूनच घ्यायला हवं. 11 सप्टेंबरनंतरच्या युद्धांतून आलेल्यांसाठी 2008 मध्ये तिथे नवा कायदा झाला: 36 महिन्यांची सेवा केली की 36 महिन्यांचं शिक्षण, सरकारी विद्यापीठाची पूर्ण फी, घरभाड्याचा भत्ता, पुस्तकांचे पैसे. (आपला अग्निवीर 48 महिने देतो, हे जाता जाता.) पण नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना उत्पन्नातला किमान 10 टक्के भाग केंद्राच्या विद्यार्थी मदतीबाहेरून मिळवावा लागे, आणि सैनिकांचा हा पैसा त्या 'बाहेरच्या' भागात मोजला जाई. मग काय, छावण्यांच्या आसपास या कॉलेजांच्या एजंटांनी फेऱ्या मारायला सुरुवात केली. निकृष्ट अभ्यासक्रम विकले गेले. 2016 मध्ये आयटीटी टेक ही देशभर पसरलेली संस्था एका फटक्यात बंद पडली, तेव्हा हजारो माजी सैनिक अर्धवट शिक्षणासह रस्त्यावर आले. ती पळवाट बुजवायला 2021 चा कायदा लागला. आपण वेगळे वागू असं मानायला काही आधार आहे का? 1983 नंतर विनाअनुदानित कॉलेजांचं जे पीक आलं, त्यातून शिक्षणसम्राट नावाची जमात तयार झाली. मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीत बोगस विद्यार्थी दाखवल्याच्या तक्रारींवर राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. अग्निवीराच्या शिक्षणाचा पैसा संस्थेच्या खात्यावर उचलून दिला तर प्रत्येक तालुक्यात एक 'वीर महाविद्यालय' उभं राहील, फलकावर तिरंगा रंगवलेला, आत प्राध्यापक नाहीत. म्हणून फी फक्त सरकारी, अनुदानित आणि ठरलेल्या मूल्यांकनाच्या वरच्या संस्थांनाच जावी, सरकारी दराच्या मर्यादेत. आणि निर्वाहभत्ता थेट मुलाच्या खात्यात, ज्या महिन्याचा त्या महिन्यात. शिष्यवृत्ती परीक्षा संपल्यावर जमा होणं म्हणजे काय असतं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही वसतिगृहात विचारा.

1944 च्या कायद्याचा दुसरा डागही झाकू नये. कागदावर तो सर्वांना सारखा होता. अंमलबजावणी मात्र स्थानिक अधिकारी, बँका आणि कॉलेजं यांच्या हाती होती, आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांत काळ्या सैनिकाला दारच बंद होतं. त्याच युद्धात लढलेल्या दोन माणसांपैकी एक पदवीधर झाला, घरमालक झाला. दुसरा होता तिथेच राहिला. आपल्याकडे दार कुणी उघड बंद करणार नाही. पण मराठवाड्यातल्या भूमिहीन घरातून गेलेल्या मुलाकडे बारावी विज्ञान नसेल, सीईटीची तयारी करायला पैसे नसतील, प्रवेशफेरीचा अर्ज भरून देणारं कुणी नसेल, तर हक्क कागदावर राहील आणि लाभ माहितीच्या घरांत जाईल. याला उपाय एकच दिसतो. पदवीच्या तीन वर्षांआधी काही महिन्यांचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम हवा, गणित-विज्ञान-इंग्रजीचा, निर्वाहभत्त्यासह.

सगळ्यांत कठीण आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे. मग गरिबाच्या मुलानं तो मिळवण्यासाठी आधी बंदूक का उचलावी? अमेरिकेत कॉलेजच्या फीचं आमिष हे भरतीचं उघड साधन झालं आहे, आणि श्रीमंत मुलांना ते लागत नाही. हे खरं आहे, आणि गणवेश घातल्याशिवाय शिष्यवृत्ती नाही अशी वेळ इथे आली तर तिला विरोधच करायला हवा. पण भरतीच्या रांगेतली मुलं शिष्यवृत्तीच्या लोभानं उभी नाहीत. शेतीत भागत नाही, एमआयडीसीत कंत्राटावर बारा तास राबूनही कायम होत नाही, म्हणून ती उभी आहेत. गरिबी त्यांना रांगेत आणतेच. शिष्यवृत्ती नाकारल्यानं रांग एका माणसानंही कमी होणार नाही. चार वर्षांनी रांगेतून बाहेर पडताना त्यांच्या हातात काय असेल, एवढंच त्यानं बदलेल. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालणारी शुल्क शिष्यवृत्ती, 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफी, यांतला एक रुपयाही इकडे वळवायचा नाही, ही अट मात्र पहिल्या ओळीत लिहावी लागेल.

जी मुलं आत्ता सेवेत आहेत त्यांनी धोरणाची वाट पाहत थांबू नये. बारावी नसेल तर मुक्त विद्यालयाची परीक्षा पहिल्या दोन वर्षांतच उरकावी; शेवटच्या वर्षात सुटीचा भरवसा नसतो. इग्नूची नोंदणी करून प्रशिक्षणाचे श्रेयांक खात्यावर चढले आहेत का ते स्वतः पाहावं, युनिटमधल्या कारकुनावर सोडू नये. आणि सेवा निधीतली निदान दोन वर्षांच्या वसतिगृहाची रक्कम, घरी आकडा सांगण्याआधी, मुदत ठेवीत टाकावी.

राहिला वेळेचा प्रश्न. लष्करातल्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं ऐन हिवाळ्यात पुरी होतात. कॉलेजांचे प्रवेश जून-जुलैत. मधल्या पाच-सहा महिन्यांत मुलगा घरी रिकामा बसला की पहिला फोन सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीचा येतो, आणि एकदा बारा तासांची पाळी लागली की जूनमध्ये कुणी कॉलेजच्या रांगेत जात नाही. पूर्वतयारीचा अभ्यासक्रम म्हणूनच जानेवारीत सुरू व्हावा. दिल्लीचं ठरेल तेव्हा ठरेल, पण राज्याच्या हातातही बरंच आहे. डी-1 मध्ये आज माजी सैनिकांची मुलं बसतात. तिथे सेवा पूर्ण केलेल्या अग्निवीराला स्वतःला जागा द्यावी, आणि सैनिकांच्या मुलांचा वाटा कमी होऊ नये म्हणून ती अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या जागांच्या वरची, असावी. सैनिकी वसतिगृहांच्या नियमावलीत अग्निवीर हा शब्द घालावा. दोन्ही गोष्टींची सुरुवात मंत्रालयातून होऊ शकते, आणि त्या पुढच्या सीईटीची माहितीपुस्तिका निघण्याआधी व्हायला हव्यात.